द्वारकेला कोण आलं होतं

परदेशी निघाले तेव्हा द्वारकेच्या चौकात मला बसमध्ये बसवायला आई आली होती. बस हलली तरी ती खिडकीचा गज सोडेना. माझ्या इंग्रजी पुस्तकाचं पहिलं पान हे असं आहे. कॅलगरीतल्या लायब्ररीत, बुक क्लबात मी ते कितीदा तरी वाचून दाखवलंय. समोरच्या बायका हळहळतात. मीही हळहळते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बॅगा भरून निघालेल्यांनो, गेल्या महिन्यात त्या पानाने मला तोंडघशी पाडलं.

पुस्तक मराठीत आणत होती सुनंदा. पिंपळगावला आम्ही एका बाकावर शिकलो, आता ती तिथेच कॉलेजात शिकवते. घर, नोकरी सांभाळून वर्षभर तिने ते काम हौसेने केलं. फाइल आली, मी चहा घेऊन बसले, आणि पहिल्याच ओळीला कप खाली ठेवला. ‘द्वारकेला आई आली नव्हती. बागेत डीपिंग चालू होतं.’ माझ्या पुस्तकात, माझ्या तोंडी!

डीपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवणं. त्याचा दिवस ठरलेला असतो. तो हुकला की माल गेला. मी निघाले त्या दिवशी मजूर बाया उजाडताच आमच्या बागेत हजर होत्या.

“सुने, हे काय करून ठेवलंस?” मी फोनवर ओरडलेच.

“अगं, द्वारकेला मीच होते ना. धपाट्यांचा डबा मी दिला तुला. इंग्रजीत काय लिहायचं ते लिही. मराठीत आपलं गाव वाचणार, तुझी आई वाचणार.”

खरं होतं. माझ्या इंग्रजीतल्या पहिल्या खर्ड्यात आई द्वारकेला नव्हतीच. पण इथल्यांना डीपिंग काय कळणार, आई दगडाच्या काळजाची वाटेल, म्हणून मीच तिला द्वारकेला नेऊन उभी केली. पुढे वाचून वाचून ते मलाच खरं वाटायला लागलं. स्वतःच्या आईबद्दल असं होऊ शकतं, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

तरी मी म्हणाले, “हा अनुवाद नाही, सुनंदा. मला नको.” दुसऱ्याचं पुस्तक परस्पर दुरुस्त करायचं नसतं, हे बरोबरच. पण मी चिडले होते ते पकडली गेले म्हणून. ती “बरं” म्हणाली. त्यानंतर तिचा फोन नाही.

रविवारी आईचा आला. सुनंदाने तिला माझं पान मराठीत सांगून, मग स्वतःचं वाचून दाखवलं होतं.

“मी कुठं आले व्हते गं द्वारकेला?”

“लोकांना तसं बरं वाटतं, आई.”

ती म्हणाली, “बागेत व्हते, त्याची लाज वाटती का तुला? तू गेली तवा लय रडले मी. समद्या बायांसमोर. हात औषधानं भरलेले, डोळे पुसायची सोय नाय. ते लिव्ह की.”

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अनुवाद मी नाकारलाय, आणि आता इंग्रजी पुस्तकही पुन्हा छापू देणार नाही. मूळच खोटं, तर अनुवाद कशाचा करायचा? हे सुनंदाला कळवायचंय, अजून धीर होत नाही. घर म्हणजे मी जिथून निघाले ती जागा, असं आजवर लिहीत आले. मी निघाल्यावर तिथे काय झालं, तेच घर होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नाही.