तलवारबाज दमत नाहीत

त्या फ्रेंच कादंबऱ्यांतलं मला एक अजिबात पटत नाही. त्यांत कोणी दमत नाही. रात्रभर घोडा पिटाळतात, घोडा बिचारा वाटेत मरतो, की लगेच दुसरा घोडा. मग खाणावळीत आख्खी कोंबडी खायची, दोघाचौघांना लोळवायचं आणि पुन्हा निघायचं. गुडघे म्हणून काही त्यांना असतात की नाही, देव जाणे. मी आपली सकाळची एसटी पकडून हातखंब्यावरून रत्नागिरीच्या कोर्टात येते आणि जिना चढेस्तोवर जीव मेटाकुटीला येतो.

वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा दोन जाडजूड भाग मी घरी आणले होते. जुना मराठी अनुवाद. राजे, राण्या, कट, तलवारी. वाचायचो आम्ही दोघी, मी आणि शेजारच्या आंब्याच्या बागेतली माझी मैत्रीण. तिचाही नवरा मुंबईला, माझाही. मे महिन्यात दुपारी आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसलो की एकीने फोडायचे, दुसरीने वाचायचं. फ्रेंच नावं तोंडात बसेनात, म्हणून तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. गप्प राहणारा तो भावोजी. येता-जाता जेवणारा तो मुंबयकर. त्यातल्या बायका एकतर कोणाला विष घालतात, नाहीतर बेशुद्ध पडतात. "बेशुद्ध पडायला वेळ कसा गावतो गो यांना?" ती म्हणायची.

दुसऱ्या भागात ते मित्र वयाने वाढलेले असतात. दोघे एका पक्षात, दोघे दुसऱ्यात. अंधारात तलवारी भिडतात आणि मग कळतं की समोर आपलाच माणूस आहे. तिथे ती वाचायची थांबली, स्वयंपाकाची वेळ झाली होती. "ऱ्हाव दे, उद्या बघू," म्हणाली. हात नीट पुसले नव्हते, पानावर तिच्या अंगठ्याचा लाल डाग पडला.

तो उद्या काही आला नाही. तिचे थोरले दीर मुंबईहून सुट्टीला आले आणि आठवड्याभरात माझ्या बागेच्या वाटेवर चिऱ्यांचा गडगा, चांगली दगडी भिंतच, उभा राहिला. वाट तिच्या जागेतून जाते, म्हणून. माझ्या नवऱ्याने वहिवाटीचा दावा ठोकला. दोन्हीकडच्या पुरुषांना रजा मिळेना, तेव्हा मुखत्यारपत्रं आमच्या नावाने झाली. वकिलाने मला बजावलं, समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही, केस कच्ची होईल. तिलाही तेच सांगितलं असणार.

चार वर्षं झाली. एकाच एसटीने यायचं, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचं, पुढची तारीख घेऊन परत जायचं. आंब्याच्या दिवसांत पेटी डोक्यावर घेऊन मी सगळ्या कातळाला वळसा घालते. उन्हात डोकं फिरतं. सगळ्यांचा राग येतो, तिचा तेवढा येत नाही. तिचा आला असता तर सोपं झालं असतं.

बाकावर बसून बसून कंटाळले आणि मागे एकटीनेच वाचून संपवलेला तो दुसरा भाग मी पुन्हा वाचायला काढला. या खेपेला एक लक्षात आलं. ही माणसं ज्या राजासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात, त्याला यांची नावंसुद्धा धड ठाऊक नसतात. मध्येच नवऱ्याचा फोन आला. "मागे हटू नको हां," म्हणाला. त्याच्यामागे क्रिकेटची मॅच चालू होती. आमचेही राजे असेच, घरात बसून लढणारे.

गेल्या तारखेला जजसाहेब रजेवर होते. परतीची गाडी गच्च भरलेली, एकच जागा रिकामी, ती तिच्या शेजारची. पाय इतके भरून आले होते की वकील गेला उडत म्हटलं आणि बसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुस्तक उघडलं. हातखंब्याच्या अलीकडे गाडी वाहनांच्या रांगेत अडकली, तेव्हा तिची नजर पानावर आली. डागाचंच पान होतं.

"ते पुढं बोलतात काय गो?" तिने खिडकीकडे तोंड करूनच विचारलं.

"कोण?"

"भावोजी नि ते बाकीचे. माझं थयच ऱ्हायलंय."

चार वर्षं हा प्रश्न पोटात घेऊन ही बाई बाकाच्या त्या टोकाला बसत होती. 

"बोलतात," मी म्हटलं.

"पयला कोण बोलतो?"

दोनदा वाचलेलं पुस्तक, पण त्या घटकेला काही म्हणता काही आठवेना. "जो जास्त दमलेला असतो तो," मी म्हटलं.

"मग मीच," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गडग्याशी गेले, तर दोन्ही बाजूंना चिरे रचून पायऱ्या केलेल्या. गडग्याला हात लावलात तर बघा, असं तिच्या दिरांनी बजावलेलं आहे. पायऱ्यांबद्दल ते काही बोलले नव्हते.

दावा चालू आहे. तारखेला आम्ही बाकाच्या दोन टोकांनाच बसतो, वकील बघत असतात म्हणून. बागेत मात्र मी कण्हत कण्हत पायऱ्या चढते, पेटी गडग्यावर ठेवते आणि पलीकडून ती उतरवून घेते.