मोठ्याच्या मापाचे बूट

"मोठ्यासाठी पळायचे बूट आणायचे आहेत," आई म्हणाली. "पितृपक्ष लागायच्या आत."

मी पोहे खात होतो. घास तोंडातच राहिला. मोठा म्हणजे माझा दादा, माझ्याहून वर्ष-दीड वर्षानं मोठा. तो जाऊन इतका काळ लोटला की माझी पेन्शन सुरू झाली, तरी तो आपला फौजेच्या भरतीच्याच वयाचा आहे.

"आई, काहीतरी बोलून राहिली तू."

"काहीतरी नाही. लंगडून राहिला तो. मला ऐकू येतं."

आता हिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. दाराची घंटा ऐकू येत नाही. चहा घेतेस का, हे मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून विचारतो, तेव्हा ती म्हणते, आज कोणता वार? पण हे ऐकू येतं.

त्याचं असं आहे. आम्ही तेव्हा याच हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुऱ्यात, दोन खोल्यांत राहायचो. वडील फॅक्टरीत. आम्हा दोघा भावांत बुटांचा एकच जोड, पांढऱ्या कॅनव्हासचा. पहाटे दादा तो घालून सदरच्या, म्हणजे फौजेच्या छावणीच्या, मैदानावर पळायला जायचा, कारण त्याला फौजेत जायचं होतं. तो परत आला की तेच गरम, ओले बूट घालून मी शाळेत, पुढं कॉलेजात. वडील बूट घेतानाच एक नंबर मोठा घ्यायचे, पोरांचा पाय वाढतोय म्हणून, आणि पुढं कापूस कोंबायचे. पाय वाढून बुटाएवढा होईतो बूट फाटलेले असायचे. म्हणजे मापाचा बूट आमच्या पायाला कधी लागलाच नाही.

तरी दादा पळायचा. अरे, काय पळायचा! उजवी टाच बाहेर फेकायची त्याला सवय होती, प्रत्येक पावलाला. गल्लीतली पोरं त्याला बदक ठरवून मागून "बतख, बतख" ओरडायची. आई दारात उभी राहून ओरडायची, "सरळ पळ रे, अशानं घेणार नाहीत फौजेत!" घरात असा पळणारा तो एकटाच, असं सगळे म्हणायचे. मी तर पळायचोच नाही. मला कशाला हवा होता तो ताप?

फौजेनं घ्यायच्या आधी त्याला काविळीनं घेतलं. पावसाळा संपत आला होता. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, मग तो कोणाला ओळखेना, आणि आठवड्याभरात खेळ आटोपला. मला आजही हळदीचं दूध पिववत नाही.

तेराव्याला गुरुजींना छत्री आणि चप्पल द्यायची आमच्याकडे पद्धत. गेलेल्या माणसाचा पुढचा रस्ता तापलेल्या वाळूचा आणि काट्यांचा असतो म्हणतात. इथं गुरुजींनी पायात घातली की तिथं त्याच्या पायात जाते. वडिलांनी सदरच्या बाजारातून चामड्याची चप्पल आणली, चांगली जाड तळव्याची. गुरुजी अंगानं धिप्पाड, पाय म्हणजे पोळपाट. त्यांना ती अशी चपखल बसली की ते खुश झाले आणि तीच घालून निघाले. आई दारात उभी राहून बघत होती. ते वळणापलीकडे गेल्यावर तिनं वडिलांना विचारलं, "कोणाच्या नंबरची आणली हो?"

"गुरुजींच्या. आधीच विचारून ठेवला होता मी. घालणार तर तेच ना!"

वडील व्यवहारी माणूस. आणलेली वस्तू कोणाला झाली नाही, वाया गेली, हे त्यांना खपायचं नाही. आपलं काय चुकलं, हे त्यांना मरेपर्यंत समजलं नाही. आई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "माझं पोरगं पळणारं. त्याला तुम्ही दुसऱ्याच्या पायाची चप्पल दिली."

पुढच्या उन्हाळ्यापासून तिला ऐकू यायला लागलं. रात्री-बित्री नाही. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. फटक, फटक. पायाला मोठी झालेली चप्पल घालून कोणीतरी पळू पाहतंय आणि त्याला जमत नाहीये, असा आवाज. ती हातातलं लाटणं टाकून दाराशी जायची. बाहेर ऊन असायचं, दुसरं काही नाही.

"मनाचे खेळ आहेत," वडील म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. मग एका मे महिन्यात मी घरात एकटाच असताना मलाही ऐकू आलं. लांबून आलं, आमच्या ओट्यापर्यंत आलं आणि थांबलं. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. अंगाला नुसत्या घामाच्या धारा. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? माझ्या दादाचीच मला भीती वाटली, आणि त्याचंच मग रडू आलं. दार मी उघडलं नाही. आईला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ती त्या दारातून पुन्हा हललीच नसती.

वडील गेले, तेव्हा तिनं आधी शिवणाचा दोरा आणला. त्यांच्या पायाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावला, गाठ मारली, तोडला आणि माझ्या हातात दिला. "याच मापाची आण. गुरुजींना होवो नाहीतर न होवो." मग रडायला बसली. वडिलांचा आवाज कधी आला नाही. ते मापाची घालून गेले.

दादाचं माप मात्र कुठंच राहिलं नव्हतं. ते कॅनव्हासचे बूट पुढं मीच घालून फाडले. घरात दुसरे होते कुठं?

तर आता ऐंशी ओलांडल्यावर तिनं हे काढलं. "मी गेल्यावर त्याला कोण देईल? तू? तू स्वतःची छत्री विसरून येतोस." पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणत नाहीत, म्हणून बूट आधी आणून ठेवायचे आणि सर्वपित्रीला द्यायचे, असा तिचा बेत. मी गुरुजींना फोन लावला. हल्लीचे गुरुजी तरुण आहेत, स्कूटरवर येतात. "बूट? चालतील की," ते म्हणाले. "अच्छा, मग नऊ नंबर आणा." फोनचा आवाज मोठा ठेवलेला, आणि नेमकं हे मात्र आईला ऐकू गेलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी घाईनं फोन ठेवून दिला.

मग सुरू झाली आमची वरात. रोज ऑटो करून मायलेक सदरला. कुठंही गेलो की पहिला प्रश्न, "कौन सा नंबर?" नंबर माहीत असता तर एवढी तंगडतोड कशाला केली असती, भैया! एकानं मला घट्ट बूट चढवला, अंगठ्यानं पुढून दाबला आणि म्हणाला, "दो दिन में खुल जाएगा, माताजी." आई उठलीच. "खुलेल म्हणे! तोवर बोटांची सालटी निघतील त्याच्या." दुसऱ्यानं सांगितलं, "एक नंबर बड़ा ले लो, मोटा मोजा पहन लेंगे." हे तर थेट आमचे वडीलच बोलले. आई बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. तिला दम लागला होता.

"एवढी फौज राहते इथं," ती म्हणाली. "सकाळ झाली की निम्मं सदर पळत असतं. आणि एकालाही मापाचा बूट देता येत नाही? जिवंत होता तेव्हा नाही मिळाला त्याला. आताही नाही?"

मी चहा आणून दिला.

माझी मुलगी पुण्यात असते, तिकडच्या त्या शर्यतींत पळते. तिला मी सांगितलं, मला बूट हवेत. "बाबा, तुम्ही पळणार?" "काहून? कुत्रं मागं लागलं तर पळायला नको?" पोट धरून हसली, पण तिनंच ओळखीत विचारून दुकान शोधून दिलं. नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. फक्त पळायचे बूट, दुसरं काही नाही. फोन केला तर पलीकडून मुलगी म्हणाली, "अंकल, शाम को आइए. पैर दिन भर में थोड़ा फूल जाते हैं, तभी सही नाप मिलता है." आईला हे फार आवडलं. "बघ, समजतं हिला."

जिना चढताना आई प्रत्येक वळणावर थांबली. क्लासची पोरं "दादी, संभलके" म्हणत भिंतीला चिकटून उभी राहिली. वर ती मुलगी, सडपातळ, केस करकचून बांधलेले, स्वतःही पळणारी असणार. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"किसके लिए चाहिए, आंटी जी?"

"बड़े बेटे के लिए."

"तो उनको ले आइए ना. पैर देखे बिना हम जूता नहीं देते."

वाटलं, झालं, आता उठा. या दुकानाचा सगळा चांगुलपणाच आमच्या आड येत होता.

"वो नहीं आ सकता," आई म्हणाली. "ये दौड़ेगा उसकी जगह. दोनों का पैर एक है."

"बाहर रहते हैं?"

"हां. बाहर."

"उम्र कितनी होगी?"

आईनं माझ्याकडं वळून विचारलं, "किती लागलं रे त्याला यंदा?" माझ्या तोंडात एकोणीस आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "पैंसठ के हो जाएंगे."

मला अनवाणी उभं करून तिनं धातूच्या पट्टीवर एकेक पाय मापला. माझा पाय आता पहिल्यासारखा कुठं राहिलाय? पसरलाय, चपटा झालाय, पुष्कळ वाढलाय. मी आईजवळ वाकून म्हणालो, "अगं, हे माझं म्हातारपणाचं माप आहे. दादाचा पाय एवढा नव्हता."

"तेव्हा नव्हता," आई म्हणाली. "आता त्याचाही वाढला असेल ना."

इतकी वर्षं मी त्याला तिथंच ठेवून पुढं आलो होतो. ती त्याला दरसाल वाढवत होती.

मुलीनं एक जोड निवडला, लेस स्वतः बांधल्या आणि मला त्या चालत्या पट्ट्याच्या मशीनवर चढवलं. "पैर कैसे पड़ता है, वो देखना है. बस धीरे-धीरे दौड़िए, अंकल." मागं खाली एक कॅमेरा लावलेला होता आणि बाजूच्या भिंतीवर टीव्ही. त्यात गुडघ्यांपासून खालचंच दिसत होतं. पट्टा सरकायला लागला. आधी चाललो, मग पळायला लागलो. कठडा धरून, मनात रामराम म्हणत. बूट पायाला असा लागला होता की तो आहे हेच जाणवत नव्हतं. असा बूट मी जन्मात घातला नव्हता. दादानंही नाही.

तेवढ्यात आई खुर्चीतून उठली. तिची नजर टीव्हीवर होती. मी मान वळवून तिकडं पाहिलं.

उजवी टाच बाहेर फेकली जात होती. प्रत्येक पावलाला.

स्वतःचे पाय मागून कोण बघतो? मला कोणी सांगितलंच नव्हतं. पळालोच नव्हतो तर सांगणार तरी काय? पडद्यावर ना माझं टक्कल होतं, ना सुटलेलं पोट. नुसते दोन पाय, नवे बूट आणि ती टाच. मी माझ्याच पायांकडं बघत होतो आणि मला गल्ली दिसत होती. काठीशिवाय न उठणारी आई काठी सोडून त्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली होती.

"अंकल थक गए, बंद करती हूं," मुलगी म्हणाली आणि तिनं बटणाकडं हात नेला.

"थांबवू नको गं," आई म्हणाली. मराठीतच म्हणाली, त्या मुलीला कळो न कळो. "आत्ता तर आला."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच खूण केली, चालू राहू दे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, गुडघा बोंबलत होता, पण मी पळत राहिलो. आईनं एकदाही वळून माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. तरी मी पळत राहिलो.

परतताना ऑटोत आईनं खोका मांडीवर घेतला होता. झाकण थोडं उघडं ठेवून तिनं आत हात घातला होता. सदरचा चौक मागं पडला. माझा शर्ट पाठीला चिकटलेला, पाय थरथरत होते.

"दम लागला का रे?" तिनं विचारलं.

"लागणार नाही तर काय? या वयात मला पळवलंस तू."

"तुला नाही विचारलं," आई म्हणाली.

तिचा हात बुटांवरच होता, आणि ती उत्तराची वाट बघत होती. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं. मी घाम पुसला, श्वास जरा खाली बसू दिला.

"नाही लागला, आई," मी म्हणालो. "बूट बरोबर बसले."

तिनं झाकण लावलं आणि डोळे मिटून मागं टेकली.