शुक्रवारच्या गोळ्या

"मित्रासाठी पाहिजे," सॅम्युअल अंकल मराठीत म्हणाले.

नाव बदललं आहे. मूळचे मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, वय अडुसष्ट. लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या फार्मसीत काउंटरवरच्या दोघींना मराठी येत नाही, म्हणून अवघड विषय ते माझ्याशी मराठीतच काढतात.

मी त्यांना कन्सल्टेशन रूममध्ये नेलं. लिंगाला ताठरता येत नसेल तर इथे एक गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते. पण आधी फार्मासिस्टने, म्हणजे मी, काही गोष्टी विचारायच्या असतात.

"मित्राचं बीपी बघू?"

त्यांनी स्वतःचीच बाही वर केली. बीपी बरंच वर होतं.

"बीपीच्या गोळ्या रोज घेता ना?"

"रोज. गुरुवार-शुक्रवार सोडून." मग खाली बघत म्हणाले, "शुक्रवारची, शब्बाथची रात्र नवरा-बायकोची, असं आमच्यात मानतात. या गोळ्यांनीच असं होतं म्हणे. म्हणून बंद ठेवतो. तरी काही उपयोग नाही. रेचेल आता मुलीच्या खोलीत झोपते. तिला वाटतं, माझं मन उडालं."

"मनाचा दोष नसेल, अंकल. बहुतेक रक्त पोचत नाहीये."

तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. बीपी, डायबेटिस, सिगारेट यांचा परिणाम तिथे आधी दिसतो, हृदयाची तक्रार पुष्कळदा नंतर येते. काळजीनेही असं होतं, काही औषधांनीही. औषध डॉक्टर बदलून देतात, आपण बंद करायचं नसतं.

"मग गोळी?"

"आज नाही. आधी हृदय तपासून घ्या. आणि आंटींना सांगा."

"तिला काय सांगू, पोरी?"

"मला सांगितलंत तेच. मित्र वगळून."

माझा नवरा गेल्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याआधी दोन वर्षं तो "दमलोय" म्हणायचा आणि कूस बदलायचा. दिवसभर मी परक्यांना हे प्रश्न विचारत होते. घरी एकही विचारला नाही.

अंकलच्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, बीपीचं औषध बदललं, हृदयाच्या तपासणीला पाठवलं. एका वाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसला. काही महिन्यांनी हृदयाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर त्या गोळीचं प्रिस्क्रिप्शन आलं. न्यायला रेचेल आंटी आल्या, गुरुवारी.

"तयार आहे ना गं? उद्या शुक्रवार," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच खाली न आणता.

हल्ली मी कुणाला "गोळ्या नियमित घेता ना?" असं विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात. कुठल्या वारी चुकते, ते विचारते.