काही दुखत नसताना

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की वाटेत एक फाटा लागतो. त्या फाट्याच्या आतल्या गावात कलाबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा वारला तेव्हा मोठ्या दिराने सुचवलं होतं, गिरणी विकून टाक, बाईमाणसाला यंत्राचं काय कळतं. कलाबाईंनी विकली नाही. एका दुपारी त्यांनी गिरणी सगळी उघडली, आत काय असतं ते डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा जोडली. जोडल्यावर दोन नट हातात उरले, म्हणून परत उघडली. तेव्हापासून त्यांना मिस्त्री लागत नाही.

असा त्यांचा स्वभाव. डोळ्यांच्या शिबिरात गेल्या तर चष्म्याचा नंबर कसा ठरतो हे विचारून आल्या. पोस्टमनला विचारलं की पिनकोडातला पहिला आकडा कशाचा. कुणी हसलं तरी त्यांना काही वाटत नाही.

म्हणून गावातली आशा सेविका संघमित्रा एक छोटी पिशवी घेऊन गिरणीत आली, तेव्हा आजचं दळण उशिरा होणार हे रांगेतल्या बायकांनी ओळखलं.

पिशवीत एक बारीक ब्रश आणि झाकणाची नळी होती. धुळ्याची एक डॉक्टरांची तुकडी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर अभ्यास करत होती. तीस ते साठ वयाच्या बायकांनी घरीच, स्वतःच्या हाताने, ब्रशने योनीतून नमुना घ्यायचा, नळीत ठेवायचा आणि संघमित्राकडे द्यायचा.

"माले काही व्हत नही, काही दुखत नही," कलाबाई म्हणाल्या. "मंग या नळीमा तू काय शोधस?"

"काकू, एक विषाणू असतो. खूप बायकांच्या अंगात येतो आणि आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात ठाण मांडतो. वर्षानुवर्षं राहिला तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. दुखायला लागेपर्यंत थांबलं तर बराच उशीर झालेला असतो."

"म्हंजे दुखाना आगोदर देखानं?"

"हो."

कलाबाईंना हे फार नवीन वाटलं. आजवर त्यांनी पाहिलेले सगळे डॉक्टर 'काय होतंय' एवढंच विचारायचे. काही होत नाही म्हटलं की घरी पाठवायचे.

त्यांचा दुसरा प्रश्न लगेच आला. शेजारच्या गावात त्यांची बहीण राहते. तिथे नळ्या वाटल्या नव्हत्या, दवाखान्यात तपासणीला या एवढाच निरोप होता. असं का? संघमित्राने सांगितलं, अभ्यास नेमका त्याचाच आहे. काही गावांत घरपोच नळी, काही गावांत दवाखाना. कुठल्या रीतीने जास्त बायका तपासून घेतात ते पाहायचं. कुठल्या गावाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंय, म्हणजे कुणाची मर्जी मध्ये येत नाही.

"हाई बरं शे," कलाबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

काही आठवड्यांनी फोन आला. गिरणीत दादर ज्वारी दळत होती. नमुन्यात विषाणू सापडला होता, पुढच्या तपासणीला धुळ्याला यायचं होतं. फोन ठेवल्यावर कलाबाई तशाच उभ्या राहिल्या. दळण संपलं, गिरणी रिकामी फिरू लागली, आवाज बदलला, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. शेवटी एका बाईने हाक मारली. त्यांनी गिरणी बंद केली आणि संघमित्राचं घर गाठलं.

"माले कॅन्सर शे का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"विषाणू असणं म्हणजे कॅन्सर नाही, काकू. तिथे काही बदल झालाय का, एवढं पाहायचंय. मी येते तुमच्याबरोबर."

धुळ्याला डॉ. वृषाली भेटल्या. तरुण, जळगावच्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्यापुढे कलाबाईंनी आपली भाषा जरा सरळ केली. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काय लावताय?"

"ॲसिटिक ॲसिड, पाण्यात अगदी पातळ केलेलं. व्हिनेगर असतं ना, तसंच."

"चायनीजच्या गाडीवर असतं ते?"

डॉ. वृषाली हसल्या. "तेच म्हणा. जिथल्या पेशी बदललेल्या असतात तिथे हे लावलं की मिनिटभरात पांढरं दिसतं."

"मला दिसेल?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. कॅमेऱ्यातून गुलाबी, ओलसर, गोल असं काहीतरी दिसत होतं. स्वतःच्या अंगाचा हा भाग कलाबाई पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा पाहत होत्या. दोन मुलं जिथून जगात आली ते दार एवढंसं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बघता बघता एका कडेला पांढरा डाग उमटला, दुधाचा थेंब सांडावा तसा.

त्या भीती विसरून बघत राहिल्या.

डॉक्टरांनी तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदललेल्या होत्या. पुढच्या खेपेला गरम उपकरणाने तेवढी जागा जाळून टाकली. पोटात थोडी कळ आली, बस. चहा पिऊन कलाबाई घरी जायला मोकळ्या झाल्या, पण निघेनात.

"मॅडम, जाळलं नसतं तर त्याचा कॅन्सर झाला असता?"

डॉ. वृषाली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? माहीत नाही. असे बरेच डाग आपोआप जातात. थोडे वाढतात. तुमचा कोणता होता हे आज कुणीच सांगू शकत नाही. थांबून बघण्यात धोका आहे, म्हणून काढतो. कोणता वाढेल हे आधीच ओळखता यावं, यासाठी जगभर लोक खपतायत."

परतीच्या बसमध्ये कलाबाई संघमित्राला म्हणाल्या, "एवढी शिकेल बाई, माहीत नही म्हणनी. माले तिन्हावर भरोसा वाटना."

गोष्ट इथे थांबली असती. पण घरी आल्यावर त्यांना आपली थोरली जाऊ सुनंदाबाई आठवली. तिला पिशवी मिळालीच नव्हती. तिचं वय साठच्या पुढे, अभ्यासाच्या बाहेर. कलाबाईंनी संघमित्राला कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, अभ्यासाला कुठेतरी हद्द घालावीच लागते. पण त्या वयात त्रास असला तर डॉक्टर पाहतातच, त्याला अभ्यास लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. कलाबाई तिच्याशेजारी बसल्या.

"अक्का, तुले काही त्रास शे का? अंगावरून जास का?"

सुनंदाबाईचा हात थांबला. असा प्रश्न तिला नवऱ्याने, मुलींनी, सुनेने कधी केला नव्हता. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीपासून मधूनच रक्ताचा डाग दिसत होता.

"उष्णता व्हई," ती हळूच म्हणाली. "मी सब्जाचं पाणी पीस."

"कोणले सांगं?"

"काय सांगू? या वयमा?"

कलाबाई तिला रागावल्या नाहीत. किती दिवसांनी दिसतं, रंग कसा, कंबर दुखते का, असं एकेक विचारत राहिल्या. विचारता विचारता सुनंदाबाईच रडायला लागली. मनात तिने कधीचंच ओळखलं होतं. तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. ज्या दिराने गिरणी विकायला सांगितली होती, त्याच्यासमोर संध्याकाळी कलाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्या मी अक्काले धुळ्याले लई जास." दिराने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. सकाळी तोच आधी तयार होऊन फाट्यावर उभा होता.

सुनंदाबाईला कॅन्सर निघाला. मात्र तो गर्भपिशवीच्या तोंडापुरताच होता, बाहेर पसरला नव्हता. मोठं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. किरणांचे शेक द्यावे लागतील की नाही हे काढलेल्या भागाच्या तपासणीवर अवलंबून होतं. ते द्यावे लागले नाहीत. रिपोर्ट ऐकून दीर दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उपरण्याने चष्मा पुसत राहिला.

त्याला वर्ष होऊन गेलं. आता सुनंदाबाई तपासणीला एकटी जाते. बसमध्ये खिडकीची जागा धरते. शेजारी बाई बसली की आधी गाव विचारते, मग मुलंबाळं, आणि धुळं जवळ आलं की आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट विचारते. काही जणी तोंड फिरवतात. मागच्या खेपेला एक उठून तिच्याबरोबरच दवाखान्याच्या थांब्यावर उतरली.