शुक्र बुडायच्या आत

लोहाऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात महारुद्रअप्पा कंपाउंडर होते. खरे डॉक्टर बहुतेक उमरग्याला असायचे, त्यामुळं गाव अप्पांनाच डॉक्टर म्हणायचं. अप्पाही ते खोडून काढायचे नाहीत. खोडायला लागणारी ताकद संध्याकाळपर्यंत उरायचीच नाही. दिवसभर बैलाच्या घशात बांबूच्या नळकांड्यानं औषध ओतायचं, बैलानं मान झटकली की निम्मं स्वतःच्या अंगावर घ्यायचं आणि दिवस मावळताना त्या वासासकट घरी यायचं. चेहरा असा दमलेला, की दवाखान्यात आलेल्या परगावच्या माणसाला आजारी कोण आणि डॉक्टर कोण, याचा क्षणभर विचार करावा लागे.

या दमलेल्या माणसाच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, एक पितळी दुर्बीण होती. गावातल्या खाजाभाईंचे वडील निजामाच्या राज्यात जमिनी मोजायच्या खात्यात होते, ही त्यांची दुर्बीण. अप्पांनी खाजाभाईंची एक शेळी मरणाच्या दारातून ओढून आणली, तेव्हा त्यांनी ती अप्पांना देऊन टाकली. शेळी पुढं दोन वर्षांनी मेली, दुर्बीण राहिली. तिच्यातून अप्पांनी एकदा शुक्राची चांदणी बघितली आणि बघतच राहिले. चांदणी गोल नव्हती. बीजेच्या चंद्रासारखी तिला कोर होती.

"शुक्रालाबी कोर असतीया," हे त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं. गावानं मान डोलावली. ज्याच्या हातात आपल्या बैलाचं औषध, त्याच्याशी वाद कोण घालणार?

चौसष्ट साली अप्पांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आणि डाव्यातही धरू लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. एवढ्या वर्षांत अप्पांनी इतक्या जनावरांना धरून ठेवलं होतं, की आपल्याला कुणीतरी धरून ठेवणार या कल्पनेनंच ते तारीख न ठरवता गावी परतले. डोळे येतील की जातील, देव जाणे. पण त्याआधी शुक्राच्या त्या कोरीचा एक फोटो काढायचा, एवढं त्यांनी ठरवलं.

"फोटो कशाला? रोज दिसतीया की वर," शांताक्का, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

"वरची जवळ ओढता येत न्हाय. कागद कसा, नाकाला लावून बघता येतो."

खाजाभाई त्या वर्षी हजला निघाले होते. लोकांनी त्यांना झमझमचं पाणी आणि खजूर सांगितले, अप्पांनी कॅमेरा सांगितला. भिंग फिरवून काढता येईल असा पाहिजे, ही एकच अट. खाजाभाई परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत खजुराच्या पुड्यांमध्ये काळा कातडी डबा होता.

"लो अप्पा. जहाजात याच्यावरच डोकं ठेवून झोपलो," ते म्हणाले. "काफिल्यातले लोग पूछे, हाजीसाब, ये क्या है? मैं बोला, जनावरांच्या डॉक्टराची दवा है."

सोबत एक रीळ होतं. चीनच्या लढाईपासून बाहेरची फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं, दुसरी मिळेल याचा भरवसा नव्हता. अप्पांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून कॅमेरा दुर्बिणीला अडकवायचं एक कडं केलं. चांगल्या डोळ्यानं, म्हणजे कमी वाईट डोळ्यानं, आत बघितलं. कोर दिसली. पण बटण दाबायच्या आत वळवाचा ढग येऊन बसला. हरकत नाही, उद्या बघू, असं म्हणून ते खाली उतरले. हा त्यांचा 'उद्या' म्हणजे फार भोळा प्रकार होता.

कारण त्या वर्षी लग्नाचे मुहूर्त आधीच थोडे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गुरूचा अस्त झाला, आणि आता आठ-दहा दिवसांत शुक्राचा होणार होता. शुक्राचा अस्त झाला की लग्न लागत नाही. ज्याच्या घरात मुलगी होती तो बाप वैशाखाच्या त्या शेवटच्या आठवड्यात मंडप घालून बसला. बरेचसे मुहूर्त गोरज, म्हणजे नेमकी शुक्र दिसायची वेळ. आणि पंचक्रोशीत नवा कॅमेरा एकच.

पहिल्या दिवशी सास्तूरचे एक पाटील आले. अप्पांनी हात जोडले. "पाटील, मला शुक्राचा फोटो काढायचाय हो. आठच दिस उरलेत त्याचे."

"मग आमी काय वेगळं म्हणायलोत?" पाटील म्हणाले. "आमीबी शुक्रासाठीच घाई करायलोत की! चला, बैलगाडी भाईर उभी हाय."

गाडीला जुंपलेले बैल अप्पांनीच बरे केलेले. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार?

असे सगळे दिवस गेले. अप्पा दवाखान्यातून थेट मांडवात जायचे. मंगलाष्टका चालू असताना सगळे अक्षता घेऊन नवरा-नवरीकडं बघायचे, अप्पा मात्र मंडपाच्या कडेनं पश्चिमेकडं. तिथं शुक्र रोज बोटभर खाली आलेला असायचा. पंगतीत दमलेल्या माणसाला आग्रहानं लाडू वाढतात. अप्पा लाडू हातात घेऊन तिथंच पेंगायचे. शांताक्का म्हणाल्या, "अवो, एवढी लग्नं तर भटजीनंबी लावली न्हाईत. तुमी आता दक्षिणाबी मागा."

शेवटचं लग्न समोरच्या शांतलिंग दुकानदाराच्या महानंदाचं. रिळात एकच फोटो उरला होता. शांतलिंग सकाळपासून तीनदा येऊन गेला.

"अप्पा, एकच. माळ घालतानाचा. पोरीच्या मनात लई हाय."

"देतो रे बाबा," अप्पा म्हणाले. महानंदाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

संध्याकाळी सगळी तयारी झाली आणि नवऱ्याचा मामा रुसला. वेशीवर त्याच्या आधी नवऱ्याच्या चुलतभावाला नारळ दिला गेला होता. मामा शाळेत, वऱ्हाडाच्या जानवशात, भिंतीकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, "आमचं काय काम? लावा की तुमचं तुमी." आता शांतलिंग टोपी काढून त्याच्यासमोर उभा, चार म्हातारे समजूत घालतायत, वाजंत्री बिड्या ओढतायत. लग्न लावणारे इरय्यास्वामी आभाळाकडं बघत म्हणत होते, "मामाला म्हणावं रुसा, पण शुक्र बुडायच्या आत उठा."

आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं. अप्पांनी मंडपातून वर बघितलं. शुक्र पिंपळाच्या शेंड्याला आला होता. "जरा पाठ टेकून येतो," म्हणाले आणि घरी गेले. माळवदाच्या शिडीवर दोनदा थांबले. एकदा गुडघ्यासाठी, एकदा महानंदासाठी.

वर गेल्यावर कॅमेरा कड्यात बसवला. धूसर डोळ्यासमोर आधी नुसता उजेड, मग हळूहळू कोर. बारीक, आडवी. अशी त्यांनी कधी बघितली नव्हती. बोट बटणावर होतं. पुन्हा अशी संध्याकाळची कोर दीडेक वर्षानं येणार. तेव्हा हे डोळे असतील की नसतील. आणि खाली एका पोरीला माळ घालतानाचा फोटो पाहिजे होता.

तेवढ्यात ताशा कडाडला. मामाचा रुसवा निघाला होता. "अप्पाऽ! चला, अक्षता पडायच्या!" खालून शांतलिंगचा आवाज आला.

अप्पांनी बटण दाबलं.

मांडवात आले तेव्हा अंतरपाट धरलेला होता. रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून खटका वाजवला असता तरी कुणाला कळलं नसतं. अप्पांना तेही जमेना. "शांतलिंगा, रीळ संपलं. शेवटचा शुक्राला गेला," ते म्हणाले.

शांतलिंगनं आधी मामाकडं बघितलं. मामानं पुन्हा रुसायची ही संधी ताबडतोब ओळखली. "म्हंजे? आमच्या पोरापरीस चांदणी मोठी?" आणि तो उठायला लागला. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून, मुंडावळ्यांच्या आतून, महानंदा म्हणाली, "बसा वो मामा. अप्पांचे डोळे जायलेत. काढू द्या त्येंना. माझं लगीन मला ध्यानात ऱ्हाईल की."

मामा बसला. नवरीनं तोंड उघडल्याचा धक्काच इतका मोठा होता, की रुसायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. लग्न लागलं. अप्पा एका खांबाला टेकून उभे होते. अक्षता टाकायच्या सोडून त्यांनी त्या मुठीतच घट्ट धरल्या होत्या.

फोटो सोलापुरात धुऊन, मोठा करून यायला आषाढ लागला. पाकीट शांताक्कांनी फोडलं. इतर लग्नांचे फोटो एकेक करून बाजूला ठेवले. त्यात एका नवऱ्याचं डोकं नव्हतं आणि एका लग्नात नुसता आचारी आला होता. शेवटी एक काळा कागद. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं. ताशाच्या दणक्यानं हात हलला होता, त्यामुळं कडेला जरासं पुसट.

"हे तर नख कापून टाकल्यावाणी दिसतंय," शांताक्का म्हणाल्या.

अप्पा कागद घेऊन अंगणात उजेडाला आले, खाटेवर बसले आणि तो नाकाला लावला. डावा डोळा मिटला, उघडला, कागद थोडा मागं नेला, पुन्हा जवळ आणला. कितीतरी वेळ. शांताक्का दारात उभ्या होत्या. दिसतंय का नाही, एवढं विचारायचा त्यांना धीर होईना.

"वाकडी हाय," अप्पा शेवटी म्हणाले. "पण कोर हाय."

मग कागद छातीवर उपडा ठेवून ते खाटेवर आडवे झाले. "आता सोलापूरचा दिस ठरवा," म्हणाले, "मी जरा पडतो."