रुबिनाशिवाय स्लोव्हेनिया

मित्रांनो, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

मोशीतल्या आमच्या लेझीम पथकातली बारा मुलं-मुली उन्हाळ्यात स्लोव्हेनियाच्या युवा महोत्सवाला जाणार होती. आज दुपारी वरच्या हॉलमध्ये सरावाला जमलो असतानाच अकरा जणांचे व्हिसा आले. रुबिनाचा नाकारला.

तिचे अब्बू महाळुंग्यात गॅरेज चालवतात. पथकाला लेझीमचा प्रत्येक हात तिनेच शिकवलाय. आमंत्रणसुद्धा तिचाच व्हिडिओ बघून आलं होतं.

मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, "ती नाही, तर आम्हीपण नाही." कुणीच बोललं नाही. मी पथकप्रमुख, मीही गप्प बसलो.

शेवटी रुबिनाच उठली. "सर, माझी पुढची जागा प्राचीला द्या. ये गं प्राची, समोर उभी राहा."

तासभर तिने प्राचीकडून सगळं घोटून घेतलं. मग "अब्बू वाट बघत असतील" म्हणत निघाली. गेटबाहेर स्कूटीवर बसून ती रडत होती. मी खिडकीतून पाहिलं, पण खाली गेलो नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॅगा किती मोठ्या घ्यायच्या, याची चर्चा रंगलीय. रुबिना अजून त्याच ग्रुपवर आहे, सगळं वाचतेय.

तिला मी काय लिहू? खरंच सांगा.