इवायाची खूण

जाम नदीच्या दोन्ही काठांवर माझ्या इवायाएवढा उलट्या खोपडीचा माणूस झाला नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो. इवाई म्हणजे माझ्या लेकीचा सासरा. तो पलीकडे सावरगावात, मी इकडे पांढुर्ण्यात. आम्ही मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं ते माझ्या ओसरीत बसून, माझ्या छत्रीची मोडकी काडी तारेनं बांधायचं. माझ्या बायकोनं चहा दिला, त्यानं साखर कमी म्हणून परत मागितला. पावसाळ्याआधी माझी छत्री तपासायचा त्याला भारी सोस.

त्याचं कारण होतं. नदी चढली का रपटा, म्हणजे मधला बुटका पूल, बुडायचा आणि तीन-चार दिवस इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. आधी तो नदीलाच समजावायचा, जशी ती रुसून बसलेली लेक, "बाई, लय दिवस राहिली माहेरी, चाल आता." ती ऐकत नसे. मग त्यानं खुणा काढल्या. रोज सकाळी दोघांनी आपापल्या काठावर यायचं. छत्री उघडी, तर सगळे बरे. मिटून उलटी धरली, तर कोणी आजारी. एवढ्यावर थांबला तर तो इवाई कसला? एकदा त्यानं डोक्यावर कोहळं धरून नाचवलं. बायकोनं ताडलं, लेकीला दिवस गेले. तिनं गल्लीभर सांगितलं, डिंकाचे लाडू वळले. पाणी उतरल्यावर कळलं, त्याच्या वेलाला पहिलं कोहळं लागलं होतं, तेच दाखवून राहिला होता. लाडू त्यानं एकट्यानं खाल्ले. म्हणे, बाळंतीण माझा वेल आहे.

त्या छत्रीच्या दिवशी बायकोनं सहज विचारलं, "अन् कोणी मेलं त कोणती खूण, इवाईबुवा?"

त्यानं कप खाली ठेवला. "तसली खूण मी ठेवतच नाही, विहीणबाई."

त्याच पावसात तिला ताप भरला, आणि नदीही भरली. डॉक्टरनं मान हलवली. तिला लेक पाहायची होती. डोळा उघडला का एकच विचारायची, पाणी उतरलं का. तीन सकाळी मी छत्री मिटून उलटी धरली. तिसऱ्या दिवशी इवाई माझ्या लेकीला इकडे आणायला होडीवाचूनच नदीत कमरेइतका शिरला, लोकांनी धोतर धरून ओढला. नदीला त्यानं काय शिव्या दिल्या ते इकडे ऐकू आलं नाही. हात दिसत होते.

चौथ्या पहाटे ती गेली.

काठावर गेलो. खूण नव्हती. छत्री घरीच ठेवली होती, तसाच पावसात उघड्या डोक्यानं उभा राहिलो. त्यानं पलीकडून आपली उघडली, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मिटली आणि टोपी काढली. लेक मटकन खाली बसली. रोज धोतराला नीळ लावणारा तो माणूस तिच्या बाजूला चिखलात बसला. दुपारी आम्ही बायकोला लेकीवाचूनच नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तेवढंच होतं. ते दोघं उभे होते, भिजत. त्यानं तार बांधलेली छत्री मी उघडली आणि हात दुखेपर्यंत वर धरून ठेवली.